७० वॅटचा रिसीव्हर, ४ की ६ की ८ ओहमचे स्पीकर: कमी बजेटमध्ये जोडी कशी जमवावी?

घुमट (प्रश्न)

खोली ४.२ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद, छत २.९ मीटरवर. टीव्ही आखूड भिंतीला, समोर सोफा. स्पीकर भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे ठेवले तर कानापर्यंतचं अंतर बरोबर ३ मीटर येतं. मुख्य वापर चित्रपट आणि मालिका, उरलेला वेळ गाणी. आवाज मध्यम, कधीमधी मोठा. बजेट आखडतं आहे, त्यामुळे पाच स्पीकर एकदम घ्यायचा विचार नाही. आत्ता रिसीव्हर (आवाजाचा सिग्नल वाढवून स्पीकरना देणारा ॲम्प) आणि पुढचे दोन, बाकीचं सवडीने.

रिसीव्हर दोन बघून ठेवलेत.

क: खोक्यावर '१४५ वॅट प्रति चॅनल'. खाली बारीक अक्षरांत ६ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा रोध), १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड), एक चॅनल चालू.

ख: ७० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन, दोन चॅनल चालू. यात ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेने रिसीव्हरला देण्याची सोय) आहे, किंमत क-पेक्षा थोडी जास्त.

स्पीकर तीन:

१) बुकशेल्फ (छोटी पेटी), ५ इंची वूफर (खालच्या स्वरांचा पडदा), ८६ डेसिबल, ६ ओहम.
२) टॉवर, प्रत्येकी दोन ६ इंची वूफर, ९० डेसिबल, ८ ओहम.
३) बुकशेल्फ, साडेसहा इंची वूफर, ८५ डेसिबल, ४ ओहम. कानाला सगळ्यात जास्त हेच आवडले.

शिवाय घरात एका जुन्या डीव्हीडी होम थिएटर संचाचे पाच छोटे सॅटेलाइट स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) पडून आहे. मागे '३ ओहम' छापलंय. ते नव्या रिसीव्हरला लावून पैसे वाचतील का? आणि १४५ वॅट सोडून ७० वॅटकडे जाणं शहाणपणाचं आहे का?

---

वॅटमीटर

आधी रिसीव्हरच्या आकड्यांचा निकाल लावू. १४५ आणि ७० हे वेगवेगळ्या अटींवर मोजलेले आकडे आहेत, त्यांची सरळ तुलना होतच नाही. क-चा आकडा एकच चॅनल चालवून, एकाच फ्रिक्वेन्सीवर, कमी ओहमच्या लोडवर आणि १० टक्के डिस्टॉर्शन येईपर्यंत ताणून काढलाय. १० टक्के म्हणजे ॲम्प उघडउघड क्लिप होतोय, सिग्नलचे माथे कापतोय. ख-चा आकडा दोन चॅनल एकत्र, पूर्ण पट्ट्यात, स्वच्छ आवाजात मिळणारा आहे. क-चं संपूर्ण मॅन्युअल उतरवून घ्या आणि शेवटच्या पानांवर ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनल ही ओळ शोधा. बहुधा तिथे ७० ते ८० च्या मधला आकडा सापडेल. ७० आणि ८० वॅटमध्ये फरक ०.६ डेसिबलचा, तो ऐकू येत नाही. अगदी ७० आणि १४० वॅटमध्येही फक्त ३ डेसिबलचा फरक असतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात.

दुसरी गोष्ट, या किमतीच्या रिसीव्हरमध्ये पाचही चॅनलना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर असतो. दोन चॅनलना ७० वॅट देणारा रिसीव्हर पाचही चॅनल एकदम पूर्ण जोरात चालवले तर ४०-४५ वॅटवर येऊ शकतो. चित्रपटात पाचही चॅनल एकाच क्षणी शिखरावर क्वचितच जातात, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण 'पाच गुणिले १४५' असा हिशेब कुठल्याच स्वस्त रिसीव्हरला लागू होत नाही. दोन रिसीव्हरांचं वजन मात्र तोलून बघा. क्लास एबी (पारंपरिक धाटणीचे) ॲम्प असतील तर जड रिसीव्हरमध्ये बहुतेकदा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) मोठे असतात.

आता खरा हिशेब. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, अशी मोजतात. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. पण ६ ओहमवर तेच व्होल्ट १.३३ वॅट ओढतात आणि ४ ओहमवर २ वॅट. तुमच्या ३ नंबरच्या स्पीकरचे ८५ डेसिबल २ वॅट खाऊन आलेले आहेत. खऱ्या १ वॅटवर तो ८२ चा आहे.

मोकळ्या जागेत १ मीटरवरून ३ मीटरवर गेलं की ९.५ डेसिबल कमी होतात. बंद खोलीत भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे त्यातले सुमारे ३ परत मिळतात असं धरू. म्हणजे सोफ्यावर निव्वळ तोटा ६.५ डेसिबल. चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीत पुढच्या प्रत्येक चॅनलचं शिखर १०५ डेसिबलचं असतं. एवढ्या लहान खोलीत ते कोणी ऐकत नाही. १० डेसिबल खाली, म्हणजे ९५ चं शिखर हेसुद्धा चांगलंच दणदणीत असतं. ते गाठायला काय लागेल ते बघा:

स्पीकर १: २.८३ व्होल्टवर सोफ्याशी ७९.५ डेसिबल. अजून १५.५ डेसिबल हवेत. त्यासाठी १६.९ व्होल्ट आणि २.८ अँपिअर, म्हणजे सुमारे ४८ वॅट.

स्पीकर २: ८३.५ पासून सुरुवात. १०.६ व्होल्ट, १.३ अँपिअर, १४ वॅट.

स्पीकर ३: ७८.५ पासून सुरुवात. १८.९ व्होल्ट, ४.७ अँपिअर, ८९ वॅट.

८ ओहमला ७० वॅट देणारा ॲम्प जास्तीत जास्त २३.७ व्होल्ट काढतो. त्यामुळे व्होल्टेजच्या दृष्टीने तिन्ही स्पीकर बसतात. अडतं ते करंटपाशी. ४ ओहम नॉमिनल (छापील) असलेल्या स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे त्याचा ओहममधला रोध, प्रमाणानुसार ३.२ ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि प्रत्यक्षात काही स्पीकर त्याच्याही खाली जातात. म्हणजे शिखरावर ६ अँपिअर, तेही एका स्पीकरला. तशीच जोडी आणि पुढे तसाच सेंटर (संवादांचा मधला स्पीकर) लावला की स्वस्त रिसीव्हरचा पॉवर सप्लाय खाली बसतो, हीटसिंक तापतो आणि प्रोटेक्शन (आपोआप बंद करणारी सुरक्षा) पडून आवाज बंद होतो. त्याआधीची स्थिती जास्त घातक असते. ॲम्प क्लिप होत राहतो, सिग्नलचे माथे कापले जातात, सरासरी पॉवर वाढते आणि ती ट्वीटरच्या (वरच्या स्वरांच्या छोट्या पडद्याच्या) बारीक कॉइलवर जाते. ट्वीटर जळतात ते बहुतेक वेळा अशा अपुऱ्या ॲम्पला पिळल्यामुळे. '१०० वॅटच्या स्पीकरला ७० वॅटचा ॲम्प कसा पुरेल' ही शंका म्हणूनच उलटी आहे. स्पीकरवरचा वॅटचा आकडा तो किती सोसू शकतो ते सांगतो, त्याला किती लागतात ते सांगत नाही.

तेव्हा रिसीव्हर ख. ई-आर्कमुळे तो आणखी काही वर्षं उपयोगी राहील. स्पीकर १ किंवा २. तिसरा आवडला असला तरी या रिसीव्हरवर नको.

---

मंद्रसप्तक

वॅटमीटर यांचा हिशेब पक्का आहे, मला फक्त ९० डेसिबलबद्दल खबरदार करायचंय. पुष्कळ कंपन्या सेन्सिटिव्हिटी खोलीत मोजतात, ध्वनिशोषक चेंबरमध्ये नाही, आणि तिथेच २-३ डेसिबल फुगतात. पेटी लहान, बास खोल आणि सेन्सिटिव्हिटी जास्त या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, एक सोडावीच लागते. हा हॉफमनचा नियम, आणि कोणताही स्पीकर त्यातून सुटत नाही. स्वस्त टॉवर ९० डेसिबल आणि शिवाय ३५ हर्ट्झचा दावा करत असेल, तर त्यातला एक आकडा सैल आहे. ३५ पुढे 'उणे १० डेसिबल' (म्हणजे तिथे आवाज बराच उतरलेला) लिहिलंय की 'उणे ३', तेवढं बघा.

म्हणून माझं मत १ नंबरच्या बुकशेल्फकडे झुकतं, पण अट अशी की पुढची खरेदी सबवूफरची असेल. स्वस्त टॉवरमध्ये तुम्ही लाकडाच्या मोठ्या पेटीचे पैसे भरता आणि तरीही ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही येत नाही. त्याच पैशात बुकशेल्फ आणि १० इंची ॲक्टिव्ह (स्वतःचा ॲम्प असलेला) सब यांची जोडी ३० हर्ट्झच्या आसपास पोचते, आणि रिसीव्हरवरचा भारही कमी होतो. रिसीव्हरच्या मेन्यूत स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झ केला की खालचा सगळा बास सबच्या स्वतःच्या ॲम्पकडे जातो. वॅटमीटर यांनी काढलेले ४८ वॅट पूर्ण पट्ट्याचे आहेत. ८० च्या खालचं काढून घेतल्यावर त्याच आवाजाला पुढच्या चॅनलची मागणी बरीच उतरते. ५ इंची वूफरचा पडदाही मोकळा होतो, त्याची हालचाल खालच्या स्वरांतच सगळ्यात जास्त असते.

तीन नंबरचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. बुकशेल्फचा इम्पिडन्स बऱ्याचदा २०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात खाली उतरतो, आणि तो भाग क्रॉसओव्हर लावला तरी रिसीव्हरकडेच राहतो.

जागेबद्दलही बोलायला हवं, कारण तुमची मापं दिलेली आहेत. ४.२ मीटर लांबीची पहिली अनुनाद फ्रिक्वेन्सी ४१ हर्ट्झ, ३.४ ची ५१ आणि छताची ५९. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ४१ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. तुमचे कान मागच्या भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर येतात, ते लांबीच्या दृष्टीने बरं आहे. सोफा भिंतीला टेकवू नका, तिथे बास फुगून संवाद झाकले जातात. रुंदीत मात्र तुम्ही मध्यावरच बसणार, त्यामुळे ५१ च्या आसपास खड्डा पडू शकतो. सब एका बाजूला कोपऱ्याकडे सरकवून बघा. सगळ्यात भरवशाची रीत अशी: सब तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासची एकसारखी चाल असलेलं गाणं लावा आणि पुढच्या भिंतीलगत गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे सगळे खालचे स्वर सारख्या वजनाने येतात, तिथे सब ठेवायचा. जिथे सगळ्यात मोठा वाजतो तिथे नाही. तिथे बहुधा एकच स्वर घुमत असतो.

---

सोल्डर

जुन्या संचाबद्दल कोणी बोललं नाही, ते मी घेतो.

सबवूफर आधी. डीव्हीडी संचांतला सब बहुतेक वेळा पॅसिव्ह असतो, त्याच्यात ॲम्प नसतो. तो मुख्य युनिटमध्ये असायचा. रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून फक्त लाइन पातळीचा सिग्नल निघतो, स्पीकर हलवण्याइतकी ताकद त्यात नसते. आणि तो सब रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलला, पुढच्या स्पीकरच्या जोडीने समांतर लावायचा मोह होईल, तो टाळा. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर म्हणजे २ ओहम. प्रोटेक्शन लगेच पडलं तर नशीब, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जातील. तो सब बाजूलाच ठेवा.

सॅटेलाइट पुढे लावण्यालायक नाहीत. ३ इंची शंकू १५०-२०० हर्ट्झच्या खाली काही देत नाही आणि एवढ्या वर क्रॉसओव्हर नेला की पुरुषी आवाजाचा खालचा भाग सबमधून, बाजूने येतो. मागच्या सराउंडसाठी तात्पुरते चालवता येतील, पण थेट जोडू नका. मल्टिमीटरने आधी मोजा. डीसी रोध नॉमिनलपेक्षा थोडा कमी दिसतो: ८ ओहमचा स्पीकर ५.५ ते ७ दाखवतो, ४ चा ३ ते ३.६, आणि ३ चा अडीचच्या आसपास. शून्याजवळ दाखवला तर कॉइल शॉर्ट आहे, काहीच दाखवलं नाही तर तुटली आहे. दोन्ही टाकून द्या. अडीचच्या आसपास आला तर प्रत्येक सॅटेलाइटच्या लाल तारेत ३.९ ओहम, २० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. रिसीव्हरला एकूण लोड ७ ओहमच्या घरात दिसेल. आवाज सुमारे ७ डेसिबल कमी होतो, पण सराउंडची लेव्हल रिसीव्हर तेवढी वाढवून घेतो. स्वराचा रंगही थोडा बदलतो, सराउंडमध्ये तो फार खटकत नाही. रेझिस्टर तापतो, म्हणून तो पडदा, गालिचा किंवा प्लास्टिकच्या खोक्यात दडपू नका. पुढच्या चॅनलला हा उपाय करू नका, तिथे आवाज बिघडलेला स्पष्ट कळतो.

या संचांच्या तारांना खास प्लग असतात, ते कापावे लागतील. रेघ किंवा रंग असलेली तार बहुधा धन बाजूची, पण खात्री करा: १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला तर सेलचं धन टोक ज्या तारेला लागलंय ती धन. क्षणभरच, धरून ठेवायचा नाही.

---

घुमट

खूप स्पष्ट झालं, आभार. रिसीव्हर ख आणि स्पीकर १ ठरवतोय, पुढे सब. आणखी तीन शंका. ख-च्या मेन्यूत इम्पिडन्स ८ ओहम किंवा ४ ओहम असा पर्याय आहे. ६ ओहमच्या स्पीकरला कुठला ठेवू? तार किती जाड हवी? आणि सबनंतर सेंटर आधी घ्यावा की सराउंड? कोणी सुचवलं की नव्या स्वस्तापेक्षा जुना, वरच्या श्रेणीचा रिसीव्हर घे, त्याबद्दलही मत हवं.

---

वॅटमीटर

तो पर्याय ८ वरच असू द्या. ४ वर टाकल्याने रिसीव्हर 'कमी ओहमसाठी ताकदवान' होत नाही, उलट आतला व्होल्टेज कमी केला जातो, जेणेकरून कमी ओहमवर उष्णतेची चाचणी उत्तीर्ण व्हावी. परिणामी क्लिपिंग लवकर सुरू होतं. तुमचा ६ ओहमचा स्पीकर, सब आल्यावर ८० चा क्रॉसओव्हर आणि ३ मीटरचं अंतर, एवढ्यात ८ ची सेटिंग सुखाने चालते. मॅन्युअलमध्ये ६ ओहमसाठी वेगळी सूचना असेल तर ती पाळा, आणि कुठलीही सेटिंग असली तरी तासभर वाजवल्यावर वरच्या जाळीवर हात ठेवून बघा. हात ठेवता येतो इतपत गरम, हे ठीक. चटका बसतोय तर हवा कमी पडतेय. रिसीव्हरच्या वर किमान १०-१५ सेंटिमीटर मोकळं ठेवा, वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, आणि मागून बंद असलेल्या कपाटात कोंडू नका.

'स्पीकर ए+बी' हे बटणही जपून वापरा. दोन्ही जोड्या समांतर जातात, ६ ओहमच्या दोन जोड्या म्हणजे ३ ओहम.

---

सोल्डर

तार: तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेचा रोध मीटरला ०.०११५ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.११ ओहम. तारेचा रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांत राहिला की पुरे, ६ ओहमसाठी ती मर्यादा ०.३ येते. पुढच्या स्पीकरना १.५ भरपूर झाली. सराउंडची तार भिंतीकडेने फिरवून १५ मीटर होत असेल तर २.५ घ्या: ३० मीटरला ०.२१. महागड्या तारांवर एक पैसाही घालू नका, पण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार ओळखायला शिका. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो आणि टोकं वळवताना तुटतात. ब्लेडने एक तंतू खरवडा; आत रुपेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. तांब्यावर कथिलाचा थर असेल तर बाहेरून रुपेरी आणि आत लालसर दिसेल, ती चालते.

सोलताना ८-१० मिलिमीटरच सोला आणि तंतू पीळ देऊन घट्ट करा. एक सुटा केसभर तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला की सुरू करताच प्रोटेक्शन पडतं, आणि माणूस रिसीव्हर खराब समजून परत करायला निघतो. तारेच्या टोकांना बनाना प्लग लावले तर ही भीती जाते. जोडणी नेहमी भिंतीवरचा स्विच बंद करून आणि रिसीव्हरचा विजेचा प्लग काढून. दोन्ही पुढच्या स्पीकरची धन-ऋण सारखी आहे का ते असं तपासा: एकाच माणसाचं बोलणं लावा, आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो पसरट वाटत असेल आणि बास पातळ झाला असेल तर एका बाजूची तार उलटी आहे.

जुना रिसीव्हर: वरच्या श्रेणीचा जुना रिसीव्हर स्पीकर ३ सारखा अवघड लोड सहज चालवू शकतो, हा त्याचा मोठा गुण. अडचण व्हिडिओकडे असते. एचडीसीपी २.२ (एचडीएमआयमधली कॉपी-संरक्षण पद्धत) नसलेल्या रिसीव्हरमधून संरक्षित ४के चित्र जात नाही. त्यावर उपाय म्हणजे सगळी यंत्रं टीव्हीला जोडायची आणि आवाज फक्त आर्कने (ई-आर्कचं आधीचं रूप) रिसीव्हरला द्यायचा. आर्कही नसेल तर ऑप्टिकल उरतं, त्यावरून डॉल्बी डिजिटल ५.१ पर्यंतच मिळतं. पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) असेल तर दोनच चॅनल. घेताना प्रत्येक चॅनल, प्रत्येक एचडीएमआय सॉकेट तपासा. सुरू केल्यावर काही सेकंदांत रिलेचा 'टक' आवाज यायला हवा. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर होते का ते ऐका. अर्धा तास वाजवत ठेवा. आणि कॅलिब्रेशनचा (रिसीव्हर ज्याने खोलीतला आवाज मोजून स्पीकर जुळवतो तो) मूळ माइक सोबत आहे याची खात्री करा. दुसऱ्या मॉडेलचा माइक लावला तर मापं चुकतात, कारण प्रत्येक माइकच्या प्रतिसादाची दुरुस्ती त्या रिसीव्हरमध्ये गृहीत धरलेली असते.

हे सगळं पारखून घेता येत नसेल तर नवा ख घ्या.

---

मंद्रसप्तक

सेंटर की सराउंड, हे तुम्ही किती जण आणि कुठे बसता त्यावर ठरतं. एक-दोन जण मध्यावर बसत असाल तर सेंटर लांबणीवर टाका. मेन्यूत सेंटर 'नन' करा, रिसीव्हर संवाद दोन्ही पुढच्या स्पीकरमध्ये सारखे वाटून देतो आणि ते पडद्यातून आल्यासारखे वाटतात. सोफ्याच्या टोकाला बसणारे असतील तर मात्र सेंटर आधी हवा, कारण टोकाला बसलेल्याला संवाद जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतात. सेंटर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला घ्या, नाहीतर बोलणारा माणूस पडद्यावर डावीकडून मध्यावर येताना त्याच्या आवाजाचा पोत बदलतो. सगळ्यात उत्तम सेंटर म्हणजे तसाच तिसरा बुकशेल्फ, सुटा मिळाला आणि टीव्हीखाली उभा मावला तर. आडव्या सेंटरमध्ये ट्वीटरच्या दोन्ही बाजूंना वूफर असतात; बाजूला बसलेल्यांसाठी त्यांचे आवाज एकमेकांना काही फ्रिक्वेन्सींवर कापतात, म्हणून संवाद बोथट वाटतात. सेंटर कपाटाच्या काठाशी आणा, आत ढकलू नका, आणि तोंड थोडं वर, कानाकडे करा.

सब आला की कॅलिब्रेशन असं करा. सबवरची लो-पास खुंटी (सब किती वरपर्यंतचे स्वर वाजवेल ते ठरवणारी) कमाल किंवा 'एलएफई'वर, फेज शून्य, ऑटो स्टँडबाय बंद, गेन मध्यावर. माइक कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, कानाच्या उंचीला, तोंड छताकडे. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीला टेकवू नका. पंखा आणि एसी बंद. पहिलं माप मुख्य जागेवर, पुढची त्याच्या आजूबाजूला ३०-५० सेंटिमीटरच्या आत. लांबच्या खुर्चीवर माइक नेऊन सगळ्यांना खूश करायला गेलात तर मुख्य जागेचा आवाजही बिघडतो.

यंत्राने काढलेलं उत्तर डोळे मिटून स्वीकारू नका. ५ इंची वूफरला 'लार्ज' किंवा ४० हर्ट्झ दिलं असेल तर हाताने 'स्मॉल' आणि ८० करा. ८० पेक्षा वर दिलं असेल, समजा १००, तर खाली आणू नका. तिथे स्पीकर खरोखरच दमतोय असं मोजलं गेलंय. एलएफईचा (चित्रपटातल्या खास बास चॅनलचा) लो-पास १२० वर राहू द्या. सॅटेलाइटना १५०. काही स्वस्त रिसीव्हरमध्ये सगळ्या स्पीकरना मिळून एकच क्रॉसओव्हर असतो. ख-मध्ये तो प्रत्येक जोडीला वेगळा लावता येतो का ते घेण्याआधीच मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर १५० वाल्या सॅटेलाइटपायी पुढच्या चांगल्या स्पीकरनाही १५० द्यावं लागेल. तसं असेल तर सॅटेलाइटचा नाद सोडा.

सबचं अंतर खऱ्यापेक्षा मीटर-दोन मीटर जास्त दाखवलं तर दुरुस्त करू नका, सबच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो, त्याची ती भरपाई आहे. बाकी स्पीकरच्या अंतरात मात्र ३० सेंटिमीटरहून जास्त चूक असेल तर मोजणी परत घ्या. सबची लेव्हल उणे १२ वर अडकली असेल तर ती तळाची मर्यादा आहे आणि सब प्रत्यक्षात त्याहून मोठा वाजतोय. गेन खाली करा आणि उणे ३ ते उणे ६ च्या दरम्यान येईपर्यंत पुन्हा मोजा.

शेवटी सब आणि पुढचे स्पीकर एकमेकांना कापत नाहीत ना ते बघा. ८० हर्ट्झचा टोन लावून सोफ्यावर बसा आणि कोणाला तरी सबचं फेज बटण ० आणि १८० मध्ये बदलायला सांगा. ज्यात जास्त भरीव ऐकू येईल ते ठेवा.

---

घुमट

ख-चं मॅन्युअल बघितलं, क्रॉसओव्हर जोडीजोडीने लावता येतो, ४० ते २०० हर्ट्झ. सॅटेलाइट मोजले: चार २.६ ओहम दाखवतात, पाचवा काहीच दाखवत नाही.

---

सोल्डर

पाचवा टाका. उरलेल्या चारांतले दोन सराउंडला पुरतात, ३.९ ओहमचे दोन रेझिस्टर आणा आणि तारेच्या सांध्यांवर हीट-श्रिंक नळी चढवा. पहिल्यांदा सुरू करताना आवाज अगदी खाली ठेवून सराउंडमध्ये फक्त टेस्ट टोन वाजवा, दहा मिनिटांनी रेझिस्टरजवळ हात नेऊन बघा, आणि मगच कॅलिब्रेशन लावा. कॅलिब्रेशननंतर सराउंडची लेव्हल अधिक १२ ला जाऊन अडकली तर ते सॅटेलाइट या खोलीला पुरत नाहीत, तेव्हा ती जोडी काढून सराउंड 'नन' करा आणि पुढचे दोन व सब एवढ्यावरच ऐका.